इंजिनाचा काटा खालीच राहतो तेव्हा : मालवाहू ट्रकच्या थर्मोस्टॅटची तपासणी व बदल

महाराष्ट्रातून दिल्लीला शेतमाल नेणाऱ्या ट्रकच्या इंजिनाविषयी मालक व चालक यांची काळजी बहुधा एकाच बाजूची असते : इंजिन तापू नये. तापमानाचा काटा तांबड्या पट्ट्याकडे झुकला की गाडी तत्काळ कडेला घेतली जाते. तोच काटा दिवसभर तळाला चिकटून राहिला, तर मात्र ‘गाडी थंड चालते आहे’ असे समाधान मानले जाते. वस्तुतः डिझेल इंजिन प्रमाणापेक्षा थंड चालणे हाही बिघाडच आहे. तापलेले इंजिन आपले नुकसान रस्त्यातच दाखवते. थंड चालणारे इंजिन ते डिझेलच्या खर्चातून आणि काळवंडलेल्या तेलातून सावकाश दाखवते, एवढाच फरक.

नाशिक परिसरातून निघालेला कांद्याचा वा द्राक्षांचा ट्रक धुळे, शिरपूर, बिजासन घाट, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा असा सुमारे १,३०० किलोमीटरचा पल्ला पार करून दिल्लीच्या आझादपूर बाजारात पोहोचतो. जानेवारीत दिल्लीच्या पहाटेचे तापमान अनेकदा ४ ते ७ अंश सेल्सिअस इतके खाली येते. महाराष्ट्राच्या उबदार हवेत झाकून राहिलेला थर्मोस्टॅटचा दोष या थंडीत उघडा पडतो. निघताना मध्यावर असणारा काटा ग्वाल्हेरच्या पुढे रात्रीच्या प्रवासात उतरू लागतो आणि दिल्ली येईपर्यंत तळ गाठतो.

अशा वेळी मालकाची पावले बहुधा करोल बागेकडे वळतात. भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा परिसर या वस्तीला लागूनच आहे. (१९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे स्थापन झालेली ही संस्था १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ मध्ये दिल्लीला हलली आणि मूळ गावाचे नावही बरोबर घेऊन आली.) पुसा कृषी विज्ञान मेळाव्याच्या निमित्ताने येणाऱ्या शेतकऱ्यांना करोल बागेतील लॉज सोयीचे पडतात, आणि वाहनांच्या सुट्या भागांचा मोठा बाजारही तेथेच आहे. परंतु दुकानाची पायरी चढण्यापूर्वी निदान पक्के झालेले असले पाहिजे. काटा खाली राहण्याची कारणे किमान चार आहेत आणि त्यांपैकी एकाच कारणावर नवा थर्मोस्टॅट हा उपाय आहे.

थर्मोस्टॅट करतो काय

इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर, बहुधा रेडिएटरच्या वरच्या नळीच्या तोंडाशी, हा छोटा भाग बसवलेला असतो. त्याच्या पोटातील तांब्याच्या किंवा पितळेच्या बंद डबीत मेण भरलेले असते. ठरावीक तापमानाला हे मेण वितळते, वितळताना फुगते, दांडा ढकलते आणि स्प्रिंगच्या विरोधात झडप उघडते. थंड झाल्यावर स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. वीज नाही, तार नाही. मेणावर चालणारी ही रचना १९३० च्या दशकात प्रचारात आली आणि मूळ तत्त्वात आजही बदललेली नाही.

झडप बंद असताना पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेने, म्हणजे बायपासमधून, इंजिनातच फिरत राहते. त्यामुळे इंजिन लवकर गरम होते. डिझेल ट्रकांमध्ये झडप साधारणतः ७६ ते ८३ अंशांच्या दरम्यान उघडू लागते आणि त्यापुढे दहा-पंधरा अंशांनी पूर्ण उघडते. नेमका आकडा त्या भागाच्या कडेवर कोरलेला असतो. बऱ्याच रचनांमध्ये त्याच दांड्यावर खालच्या बाजूला दुसरी चकती असते. वरची झडप उघडत जाते तशी ही चकती बायपासची वाट बंद करत जाते. या दुसऱ्या चकतीचे महत्त्व पुढे दिसेल.

झडप उघडी अडकली की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये जाते. उन्हाळ्यात, चढावर, भरलेल्या गाडीत हे कळतही नाही. थंड हवेत, सपाट रस्त्यावर, वेगात मात्र रेडिएटर इंजिनाने निर्माण केलेल्या उष्णतेहून अधिक उष्णता बाहेर टाकतो आणि काटा उतरतो.

थंड इंजिनाची किंमत

सिलिंडरच्या भिंती पुरेशा गरम नसल्या की डिझेलचा काही अंश न जळता भिंतींवर बसतो, तेथील तेलाचा थर धुतो आणि रिंगांच्या वाटेने खाली तेलात मिसळतो. ज्वलनातून निघणारी वाफही गार भागांवर पाण्याच्या रूपात जमते; गरम इंजिनात ती उडून जाते, थंड इंजिनात तेलातच राहते. इंधनातील गंधकाच्या अंशाशी तिचा संयोग होऊन आम्ल तयार होते. तेलाच्या झाकणाखाली दिसणारा पांढुरका, लोण्यासारखा थर ही त्याची पहिली खूण आहे. डिपस्टिकवर तेलाची पातळी घटण्याऐवजी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास आला, तर तेल बदलण्याची पुढची तारीख पाहण्यात अर्थ नाही; ते तेव्हाच बदलावे.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या गाड्यांत आणखी एक अडचण आहे. धुरातील काजळी अडवणारी गाळणी अधूनमधून स्वतःला जाळून स्वच्छ करते. त्यासाठी धुराचे तापमान सुमारे ५५० ते ६०० अंशांपर्यंत न्यावे लागते, आणि इंजिनाचे पाणी ठरावीक तापमानाला पोहोचल्याशिवाय अनेक गाड्यांचा संगणक ही क्रिया सुरूच होऊ देत नाही. परिणामी गाळणी तुंबते, ताकद घटते, दिवा लागतो आणि वर्कशॉपमध्ये महागड्या गाळणीची चर्चा सुरू होते. मूळ दोष मात्र त्या मानाने किरकोळ किमतीच्या झडपेत असतो.

चालकाच्या जिवाशी संबंध असलेली बाब वेगळीच आहे. केबिनच्या हीटरला आणि समोरच्या काचेवरील वाफ घालवणाऱ्या झोताला उष्णता मिळते ती इंजिनाच्या पाण्यातूनच. पाणी कोमट असेल तर झोतही कोमट येतो. आग्रा ते दिल्ली या पट्ट्यात दाट धुके असताना काच आतून धुरकटलेली असणे म्हणजे काय, हे त्या रस्त्याने रात्री गेलेल्यांना सांगावे लागत नाही.

निदान : आधी पाणी, मग काटा, शेवटी झडप

पहिली तपासणी पाण्याच्या पातळीची. ती इंजिन पूर्ण थंड असतानाच करावी. हा क्रम बदलू नये, कारण येथे एक धोकादायक फसगत संभवते. पाणी बरेच कमी झाले असेल तर सेन्सरचे टोक पाण्याऐवजी हवेत राहते आणि काटा खालचे तापमान दाखवतो. प्रत्यक्षात हेड तापत असते. ‘काटा तर खाली आहे’ या भरवशावर अशी गाडी पुढे नेली की हेड वाकते. पातळी कमी आढळली तर गळतीचा शोध हेच पहिले काम. थर्मोस्टॅटचा विचार त्यानंतर.

पातळी ठीक असेल तर काट्याची चाल पाहावी. थंड इंजिन सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत काटा जागचा हललाच नाही, चढ असो वा उतार, तर संशय सेन्सर, तार किंवा मीटरवर घ्यावा. काटा सावकाश चढतो, चढावर किंवा गर्दीत थांबल्यावर वर येतो आणि मोकळ्या रस्त्यावर वेग घेताच उतरतो, असे असेल तर झडप उघडी अडकल्याची शक्यता मोठी. थंड रात्री गाडी तासभर नुसती चालू ठेवल्यावर काटा थोडा उतरणे हे मात्र डिझेल इंजिनात स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

सेन्सरचा स्वभाव समजला की विजेचा दोष ओळखणे सोपे जाते. बहुतेक सेन्सरांचा विद्युतरोध तापमान वाढले की घटतो. एका प्रचलित प्रकारात तो २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना सव्वातीनशे ओहमच्या आसपास असतो. तार तुटली की रोध अमर्याद होतो आणि मीटर त्याचा अर्थ ‘अतिशय थंड’ असा लावते. जुन्या, एका तारेच्या साध्या मीटरच्या गाडीत चावी चालू करून सेन्सरची तार काढावी आणि क्षणभर इंजिनाच्या धातूला टेकवावी. काटा झपाट्याने वर गेला तर मीटर व तार शाबूत असून दोष सेन्सरमध्ये किंवा खऱ्या तापमानात आहे. संगणक असलेल्या गाडीत हा प्रयोग मुळीच करू नये. तेथे स्कॅनर जोडून तापमानाचा प्रत्यक्ष आकडा वाचावा. लहान वाहनांत ‘पी ०१२८’ हा संकेत इंजिनाचे पाणी थर्मोस्टॅटच्या अपेक्षित तापमानापर्यंत पोहोचत नसल्याचे सांगतो. अवजड ट्रकांत ‘एसपीएन ११०’ या क्रमांकाखालील संकेत पाण्याच्या तापमानाविषयीचे असतात. संकेत दिशा दाखवतो, सुटा भाग नव्हे. ‘पी ०१२८’ आला म्हणजे थर्मोस्टॅटच गेला, असे धरून चालणे घाईचे ठरते.

शंका मिटवायची असेल तर दुसरा तापमापक हवा. दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड तापमापक आता अनेक कृषी विज्ञान केंद्रांत व गॅरेजांत असतो. तो थर्मोस्टॅटच्या कव्हरवर रोखावा. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे उपकरण कमी तापमान दाखवते, म्हणून त्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून मोजावे. मीटर ५० अंश दाखवते आणि कव्हर ८० अंशांवर आहे, तर दोष सेन्सरच्या बाजूचा. दोन्ही आकडे जुळतात आणि दोन्ही कमी आहेत, तर इंजिन खरोखरच थंड आहे.

यानंतरची कसोटी बिनखर्चाची आणि सर्वांत बोलकी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करावी आणि रेडिएटरच्या वरच्या नळीवर, पंख्यापासून दूर राहून, मधूनमधून हात ठेवावा. झडप चांगली असेल तर इंजिन गरम होत असतानाही ही नळी बराच वेळ थंड राहते आणि झडप उघडताच थोड्याच वेळात हाताला सहन न होण्याइतकी तापते. नळी पहिल्या मिनिटांपासून इंजिनाबरोबर कोमट, मग गरम होत गेली, तर झडप उघडी आहे, गळते आहे, किंवा तेथे झडपच नाही.

पंख्याकडे बोट दाखवण्याची सवय मिस्त्रींमध्ये आहे. पंख्याचा क्लच जाम होऊन पंखा सतत गर्जत राहिला तर ताकद व डिझेल वाया जाते, हे खरे. पण झडप नीट मिटत असेल तर रेडिएटर कितीही गार झाला तरी त्यातील पाणी इंजिनात शिरत नाही. म्हणून केवळ पंख्यामुळे काटा तळाला गेला, हे स्पष्टीकरण सहसा टिकत नाही.

रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा गोणपाट बांधण्याचा जुना उपाय उत्तरेकडील रस्त्यांवर हिवाळ्यात हमखास दिसतो. त्याने काटा वर येतो, पण दोष जागच्या जागी राहतो. शिवाय टर्बो गाड्यांत इंजिनाकडे जाणारी हवा गार करणारा इंटरकूलर रेडिएटरच्याच पुढे असतो; पुठ्ठ्याने त्याचाही श्वास कोंडतो.

‘व्हॉल्व्ह काढून टाका’

तपासणीत अनेकदा थर्मोस्टॅट बिघडलेला नव्हे, तर गायबच आढळतो. मागच्या उन्हाळ्यात घाटात इंजिन तापले, कोणी तरी ‘व्हॉल्व्ह’ काढून फेकला आणि गाडी ‘सुरळीत’ झाली, ही कथा ट्रकांपुरती मर्यादित नाही. ट्रॅक्टरांतही ती घडते. विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांशी बोलताना नेमका याच समजुतीला हात घालावा. बायपास असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट काढला की दुसरी चकतीही जाते आणि बायपासची वाट कायमची उघडी राहते. गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो. म्हणजे हलक्या कामात इंजिन गरजेपेक्षा थंड आणि जड कामात गरजेपेक्षा गरम, असा दुहेरी तोटा होतो. उन्हाळ्यात इंजिन तापण्याची खरी कारणे रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा व धूळ, नळ्यांतील क्षार, सैल पट्टा, झिजलेला पंप किंवा दाब न धरणारे झाकण यांत शोधावी लागतात.

क्षारांचा मुद्दा शेतकऱ्यांच्या विशेष परिचयाचा आहे. विंधन विहिरीचे जे पाणी ठिबकच्या तोट्या बुजवते, तेच रेडिएटरमध्ये ओतले जाते. तापल्यावर त्यातील क्षार थर्मोस्टॅटच्या दांड्यावर व बैठकीवर बसतात आणि झडप अर्धवट उघडी अडकते. घरगुती आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी तर साध्या पाण्याहूनही वाईट, कारण क्षार त्यात एकवटलेले असतात.

खरेदी

अवजड ट्रक करोल बागेच्या गल्ल्यांत नेण्याचा विचारही करू नये. गाडी आझादपूरजवळच्या ट्रान्सपोर्ट नगरात उभी ठेवून जुना भाग पिशवीत घेऊन मेट्रोने जाणे शहाणपणाचे : आझादपूरहून पिवळ्या मार्गाने राजीव चौक आणि तेथून निळ्या मार्गाने करोल बाग. या बाजारात दुचाकी व मोटारींच्या भागांचा भरणा अधिक आहे. अवजड ट्रकचा भाग तेथे न मिळाल्यास पिवळ्या मार्गावरच काश्मिरी गेटचा बाजार लागतो. करोल बागेचा बाजार सोमवारी आणि काश्मिरी गेटचा रविवारी बंद असतो, हे लक्षात घेऊन दिवस निवडावा.

दुकानात गाडीचे नाव सांगून भागत नाही. इंजिन क्रमांक व चेसिस क्रमांक लिहून न्यावा. एकाच नमुन्याच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे थर्मोस्टॅट बसवलेले असतात. कडेवरचा अंशांचा आकडा, चकतीचा व्यास, एकूण उंची आणि दुसरी चकती या चार गोष्टी जुन्या भागाशी ताडून पाहाव्यात. ‘तुमच्याकडे उन्हाळा कडक, ७१ अंशांचा घ्या’ असा सल्ला मिळाला तर तो नम्रपणे नाकारावा. इंजिनाच्या निर्मात्याने ठरवलेला आकडाच योग्य. काही मोठ्या इंजिनांत एकाच कव्हरखाली दोन थर्मोस्टॅट असतात. तेथे दोन्ही एकदम बदलावेत. गॅस्केट किंवा रबरी कडे त्याच वेळी घ्यावे आणि पक्के बिल मागावे.

नवा भागही बसवण्यापूर्वी तपासावा. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबता ठेवावा. दोऱ्याचे टोक मिटलेल्या झडपेच्या फटीत अडकवावे. भाग आणि तापमापक, दोन्ही पातेल्याच्या बुडाला टेकू देऊ नयेत. पाणी मंद आचेवर तापवत ढवळत राहावे. झडप उघडताच दोरा सुटून भाग खाली पडतो. त्या क्षणीचे तापमान कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंशांत असावे. पाणी उकळेपर्यंत झडप चांगली उघडलेली आणि गार झाल्यावर घट्ट मिटलेली दिसली पाहिजे. नाशिकसारख्या सुमारे ६०० मीटर उंचीच्या गावी पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते, पण या कसोटीला तेवढे पुरते. कृषी विज्ञान केंद्रातील प्रशिक्षणात उघडा अडकलेला जुना आणि चांगला नवा असे दोन थर्मोस्टॅट एकाच पातेल्यात सोडून दाखवले, तर वेगळ्या व्याख्यानाची गरज पडत नाही.

बदलण्याचे काम

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओट लावावी, बॅटरीची ऋण तार काढावी आणि केबिन उचलावी लागत असेल तर तिचा आधार पक्का अडकल्याची खात्री करावी. इंजिन पूर्ण निवाल्याशिवाय रेडिएटरचे झाकण उघडू नये. एक बार दाबाच्या झाकणाखाली पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि तेच पाणी एकदम वाफ होऊन अंगावर येते.

सर्व पाणी काढण्याची गरज नसते. पातळी थर्मोस्टॅटच्या कव्हरखाली येईल इतकेच स्वच्छ भांड्यात काढावे. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. कुत्री व जनावरे ते आवडीने पितात आणि दगावतात. ते गोठ्याजवळ, शेतात किंवा गटारात ओतू नये, उघड्या बादलीत क्षणभरही ठेवू नये.

नळी सोडवून कव्हरचे बोल्ट काढावेत. कव्हर चिकटले असेल तर लाकडी हातोडीने हलके ठोकावे, पेचकस खुपसून उचकटू नये. ॲल्युमिनियमच्या कडेवर पडलेला ओरखडा पुढे गळतीची जागा होतो. जुना भाग कोणत्या दिशेने बसला आहे याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला असते; उलटा बसवलेला थर्मोस्टॅट वेळेवर उघडत नाही आणि इंजिन तापते. भोकात फडके कोंबून दोन्ही पृष्ठभागांवरील जुने गॅस्केट खरवडावे आणि शेवटी फडके आठवणीने काढावे.

चकतीवर हवा सुटण्यासाठी बारीक भोक किंवा हलणारी पिन असते. थर्मोस्टॅट उभा बसत असेल तर ती सर्वांत वरच्या बाजूला यावी. नव्या गॅस्केटवर सिलिकॉनचा जाड लेप चढवण्याचा मोह टाळावा; आत सुटलेले तुकडे नेमके झडपेतच अडकतात. बोल्ट आळीपाळीने, पुस्तिकेत दिलेल्या घट्टपणापर्यंत आवळावेत.

भरताना कूलंट व क्षारमुक्त पाणी यांचे निर्मात्याने सांगितलेले प्रमाण पाळावे. समप्रमाणातील मिश्रण अनेक गाड्यांना चालते. दोन रंगांची कूलंट एकत्र करू नयेत. हीटरची कळ गरम बाजूला ठेवून, हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो सैल करून, मिश्रण सावकाश ओतावे. झाकण न लावता इंजिन सुरू करून झडप उघडेपर्यंत चालू द्यावे. अडकलेली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते आणि पातळी एकदम खाली जाते. तेव्हा भर घालून झाकण लावावे. ही पायरी घाईत उरकली तर नव्या थर्मोस्टॅटनिशीही काटा वरखाली नाचत राहतो आणि दोष नव्या भागाला दिला जातो.

त्यानंतर नळीची कसोटी पुन्हा घ्यावी, स्कॅनरवरील जुना संकेत पुसावा आणि गाडी किमान अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवावी. वेगात असतानाही काटा आपल्या जागी स्थिर राहिला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीचा माल भरण्यापूर्वी, थंड इंजिनातील पाण्याची पातळी आणि कव्हरची कड एकदा पाहावी. तेलात डिझेलचा वास आला असेल तर तेल व तेलगाळणी याच वेळी बदलावी, कारण नवी झडप जुने पातळ झालेले तेल दुरुस्त करत नाही.